शिंपल्यांचा करगोटा

कुंदनचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. हळदीच्या सकाळी नवसाबाईने नातीच्या पुढ्यातून हळदीची वाटी उचलली आणि पदराआड धरली.

"तू नको लावू. मढी उकरून आलीस."

यशश्री ही कुंदनची एकुलती बहीण. मेक्सिकोत एका फार जुन्या गावाचं उत्खनन चाललं होतं, तिथे ती कामाला होती. भावाच्या हळदीसाठी ती दोन दिवस प्रवास करून आली होती. तिची आई सुवर्णा सासूपुढे बोलेना.

पाटावर बसलेला कुंदन म्हणाला, "आजी, ताईनं लावली नाही तर मी उठतो बघ."

"ऊठ की. कोरडाच चढ बोहल्यावर."

यशश्रीने वाद घातला नाही. आजीच्या शेजारी झेंडूचा ढीग होता, अर्धवट ओवलेला हार होता. तो बाजूला सारून ती बसली आणि तिने मोबाइल पुढे धरला. "काय उकरलं ते तरी बघ."

नवसाबाईला बघायचं नव्हतं. पण डोळा गेलाच. काळ्या दगडाची पाती होती, काचेसारखी लखलखीत. हिरव्या दगडाचे मणी होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि प्रत्येकाला आरपार भोक. त्या लोकांकडे लोखंड नव्हतं, यशश्री सांगत होती, दोन हजार वर्षांपूर्वी त्यांनी दगडानंच दगड कोरला. नवसाबाईने जन्मभर मळ्यातली फुलं ओवली होती. एवढ्याशा भोकातून कुणीतरी दोरा घातला होता! तिचा हात आपोआप सुई धरल्यासारखा झाला.

मग पुढचा फोटो आला. घराच्या जमिनीखाली पुरलेलं तान्हं मूल. हाडं काटक्यांसारखी. कमरेभोवती मात्र गोल, एकाला एक लागून, भोकं पाडलेले शिंपले. दोरा केव्हाच कुजला होता. शिंपले जागचे हलले नव्हते.

"करगोटा," नवसाबाई पुटपुटली.

"हो आजी. समुद्र तिथून लय लांब. तरी कुणीतरी आणले. आणि पुरताना काढून नाही घेतले."

मांडवाच्या खांबाला टेकून नवसाबाईचे मालक, चिमाजी, उभे होते. ते वाकले आणि बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. मग बायकोकडे न बघताच म्हणाले,

"मीबी काढली नव्हती करगोट्याची कवडी. आई म्हणत होती, काढ. पण तशीच ऱ्हाऊ दिली त्याच्या कमरंला."

नवसाबाई आजवर समजत होती की आपलं पोर उघडंच मातीत गेलं. सासूने तेव्हा बजावलं होतं, त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही, नाहीतर पुढची जगायची नाहीत. पुढची जगली, त्यांची लग्नं झाली, सासू गेली. नाव कुणी घेतलं नाही.

तिने पदराआडची वाटी काढली आणि यशश्रीच्या दोन्ही हातांत दिली.

"लाव. पहिली तुझीच."

"आजी, कुणाची कवडी?"

नवसाबाईने भरल्या मांडवात सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यांचा थोरला मुलगा गंगाराम, नऊ महिन्यांचा, एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळात, मार्गशीर्षात वारला.