तिकडची बाजू

"धिस वन वॉट प्लान्ट आह?"

शेजारच्या चिनी आंटींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अंबाडीच्या रोपाकडे बोट दाखवलं. करवती कडांची, पंजासारखी पसरलेली पानं. आंटींनी बोट दाखवलं, पण पानाला लावलं मात्र नाही.

विनीता कॉरिडॉरमध्ये उकिडवी बसून टाकीत खताचं पाणी ओतत होती. 'भाजी आहे हो, आमच्यात लसणाची फोडणी घालून खातात,' एवढं सांगितलं असतं तर जीभ काही झिजली नसती. पण नाही. ती म्हणाली, "आय डोन्ट नो, आंटी. दॅट साइड नॉट माइन."

"लुक लाइक गांजा, लेह," आंटी पुटपुटल्या आणि दार लावून घेतलं.

विनीताला कळलं नाही असं कोण म्हणेल? चांगलं कळलं. तक्रार जाईल, कोणीतरी येईल, रोपं काढायला लावील, एवढाच तिने हिशेब केला. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

कारण पोटात दुखत होतं तिच्या, महिनाभर. मातीवाचून नुसत्या पाण्यावर वाढणाऱ्या या बागेचे पाइप तिने आणले, भोकं तिने पाडली, पंप तिने बसवला. रोज पाण्याचा आंबटपणा तपासायचा, खत मोजून घालायचं, सगळं तिनेच. आणि धाकट्या जावेने, जाईने, नांदेडहून आणलेलं चिमूटभर बी तिच्या रिकाम्या भोकांत काय टाकलं, अंबाडी बघता बघता छातीला लागली! विनीताचा पालक शेजारी पिवळा पडून मान टाकून बसलेला. टाकी एक, पाणी एक, आणि सगळं सत्त्व त्या मेलीने ओढून घ्यायचं! इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो गेला, 'जाईची अंबाडी', आणि खाली टाळ्यांचा नुसता पाऊस. जाईची म्हणे! त्यावर कडी केली ती विनीताच्याच नवऱ्याने. बायकोच्या हातचं कधी मागून न घेणारा शैलेंद्र ताट पुसून म्हणाला, "जाई, रविवारी परत कर गं." विनीताच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

दुपारी बेल वाजली. जाळीच्या दाराबाहेर दोन पोलीस उभे होते, एक चिनी बाई आणि एक उंच तमिळ अधिकारी. बाईंच्या हातात रबरी मोजे होते.

"ही रोपं कुणाची?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

या देशात गांजापायी माणसं फासावर जातात. सकाळीही तिला ते ठाऊक होतं, फक्त तिने ते मनात येऊ दिलं नव्हतं. 'तिकडची बाजू तिची' हे शब्द ओठांवर होते, पण फुटेनात.

तेवढ्यात जाई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून आली. कोण आलंय, कशाला आलंय, काही कळायच्या आत हसून इंग्रजीत सांगायला लागली, "आमची दोघींची! खरं म्हणजे सगळं आमच्या वहिनींचंच. बांधलं त्यांनी, पाणी बघतात त्या, खत घालतात त्या. मी नुसतं बी टाकलं. त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून तर एवढं वाढलं."

महिनाभर हे ऐकायला विनीताचे कान आसुसले होते. आणि ऐकायला मिळालं ते पोलिसांच्या समोर!

"वहिनी, सांगा ना यांना," जाई म्हणाली.

बाईंनी मोजे चढवून एक पान तोडलं. ते कशासाठी हे आता कुठे जाईच्या लक्षात आलं. "अगं बाई!" असं म्हणून तिने स्वतःच एक पान तोडलं, तोंडात टाकलं आणि कचाकचा चावून गिळलं. "भाजी आहे हो! आंबट! व्हेजिटेबल!"

तमिळ अधिकाऱ्याने वाकून देठ पाहिला, पान चुरगळून हुंगलं आणि त्याचा चेहरा सैल पडला. "पुळिच्च कीरै," अंबाडीचं तमिळ नाव घेत तो सहकारिणीला म्हणाला. "माय मदर कुक विथ दाल वन." तरीही पान पिशवीत गेलं, फोटो निघाले, दोघींचे इथे राहण्याचे पास तपासून झाले. निघताना तो सहज म्हणाला, "नेक्स्ट टाइम नेबर आस्क, जस्ट टेल, लाह. कॉल करणाऱ्याने सांगितलं, सकाळी घरातल्यांनाच विचारलं होतं. उत्तर आलं, आय डोन्ट नो, दॅट साइड नॉट माइन."

लिफ्टचं दार मिटलं.

"सकाळी तर मी बाजारात होते," जाई हळूच म्हणाली.

विनीता पंपाकडे बघत राहिली. जाईने हाताचं पीठ पदराला पुसलं, खाली बसली आणि अंबाडीचं पहिलं रोप भोकातल्या जाळीदार कुंडीसकट वर ओढलं. येईना. तिने जोर लावला. पाइपातून पांढऱ्या मुळांची लांबच लांब जटा बाहेर आली आणि तिच्यात गुरफटून विनीताचा पालकही आला. एक कुंडी, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांतून पाणी गळत होतं.

जाईने तो गुंता दोन्ही हातांनी उचलून विनीतापुढे धरला.

"घ्या वहिनी, तुमची बाजू तेवढी काढून घ्या."