बिघाड

बसल्याजागी रबियाच्या अंगभर वाफ चढे आणि ओढणी घामाने भिजे. तिचे पती अजीज परकार कतारमधल्या दोहा शहरातले निष्णात एसी मेकॅनिक. तिने "उकडतंय" म्हटले, की ते खिडकीतला एसी उघडत, फिल्टर धूत आणि शेवटी म्हणत, "यंत्र निर्दोष आहे." मग बिघाड आपल्या डोक्यातच असावा, या धास्तीने ती त्यांना घेऊन ओल्ड एअरपोर्ट भागातल्या चिनी वैद्यांकडे गेली.

वैद्यांनी मनगटावर तीन बोटे टेकवली आणि जीभ बाहेर काढायला सांगितली.

"आजवर जीभ आवर म्हणणारेच भेटले," रबिया नवऱ्याकडे पाहत पुटपुटली.

"पाळी थांबण्याचं वय आहे," वैद्य मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "शरीरातला गारवा कमी झाला, म्हणून उष्णता वर चढते. डोकं अगदी ठीक आहे."

रबियाचा जीव भांड्यात पडला. परतताना अजीज मात्र उदास चेहऱ्याने गाडी चालवत होते.

"डोकं ठीक निघालं माझं, तर तोंड का पाडलंत?"

 

"अगं, शेजारच्या शरीफाभाभींनाही असंच उकडतं, म्हणून त्यांच्या नवऱ्याला, मुकादमभाईंना, गेल्या आठवड्यात मीच नवा एसी घ्यायला लावला."