खाली माझा संदर्भ दे

"पस्तीस टक्के चोरी," म्हणत बोंद्रे सरांनी अहवाल सुलभापुढे सरकवला. पाळणागीतांवरच्या तिच्या प्रबंधातला बराच मजकूर सरांच्याच लेखाशी जुळत असल्याचं संगणकानं पकडलं होतं. तो लेख सरांनी तिच्याच मसुद्यावरून उतरवला होता, एवढी किरकोळ गोष्ट संगणकाला ठाऊक नव्हती.

"सर, ती वाक्यं माझी आहेत."

"छापून माझ्या नावावर आलीत. अवतरणचिन्हांत घाल, खाली माझा संदर्भ दे. संशोधनात प्रामाणिकपणा लागतो."

तिनं एकही शब्द न बदलता संदर्भ दिले.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वाचू लागल्या, "इथं डॉ. बोंद्रे म्हणतात, 'हा पाळणा माझ्या पहिल्या बाळंतपणात आईने म्हटला होता.'"

त्या सरांकडे वळल्या. "मुलगा झाला की मुलगी?"