खाकी पिशवी

"माझी खाकी कापलीस तू?" शिवणयंत्रावरची पिशवी पाहून हे दारातच थबकले.

एकतीस वर्षं आंबा घाटातून एसटी चालवलेला माणूस निवृत्त झाल्यापासून दिवसभर खुर्चीत बसून असायचा. त्यांच्या ड्रायव्हरच्या दोन पँटी कपाटात नुसत्या पडून होत्या.

"मला जड सामानाला पिशवी हवी होती," मी म्हटलं.

दारामागे माझ्या पिशव्या टांगलेल्या असतात. दळणाला पांढरी मांजरपाटाची, भाजीला जाळीची आणि मासळीला रेक्झिनची, लगेच धुता येते म्हणून. एकीचं काम मी दुसरीला सांगत नाही. पण नारळ-गुळाच्या ओझ्याखाली आजवर एकही टिकली नव्हती. म्हणून या वेळी पँटच्या कमरपट्टीचेच बंद लावले आणि दुहेरी शिवण मारली.

हे जाऊन खुर्चीत बसले. समोरचा चहा तसाच निवला.

गणपतीच्या बाजाराला मात्र मी ती पिशवी मुद्दाम त्यांच्याच हातात दिली. नारळवाल्यानं पंधरा नारळ मोजले आणि पिशवीकडे पाहून मान हलवली.

"काका, कापडी आहे हो. अर्धे दुसरीकडे घालूया, नाहीतर वाटेतच फाटेल."

यांची पाठ ताठ झाली. कितीतरी महिन्यांनी तो जुना, अख्ख्या गाडीला ऐकू जाणारा आवाज मी ऐकला.

"सगळे हिच्यातच भर. एसटीची खाकी आहे ती. अर्ध्या वाटेत कुणाला उतरवत नाही!"