कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर

आमदार शशिकांतरावांना रडू फुटत नव्हतं. विठ्ठलवाडीचा लग्नाचा हॉल माणसांनी गच्च भरलेला, हातात माईक, समोर चॅनलवाले कॅमेरे रोखून उभे, आणि डोळे ठणठणीत कोरडे! शेवटी रुमालाने त्यांनी डोळे इतके चोळले की ते आपसूक लाल झाले.

आधीचे तीन पक्ष त्यांनी असेच सोडले होते. स्वतःसाठी कधीच नाही हो; कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर! हा चौथा. इथे ते जिल्हाध्यक्षही होते, पण यंदा तिकीट कापणार अशी कुणकुण लागली होती. तेवढ्यात समोरच्या पक्षाचा निरोप आला: कार्यकर्ते घेऊन या, उमेदवारीचं मग बघू. 'बघू' म्हणजे 'दिली' असा अर्थ साहेबांनी परस्पर काढला आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसले.

कार्यकर्त्यांची त्यांना फिकीर नव्हती. ते काम अंबरनाथच्या गोजरबाईचं. सभा उल्हासनगर कॅम्प एकला असो की बदलापूरला, घरोघर फिरून माणसं उठवायची ती. कुणाचा नळ कोरडा पडला, कुणाच्या पोराचा दाखला अडला, की निस्तरायचीही तीच. साहेब आयते येऊन गळ्यात हार घालून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघा, माझ्या नावावर कशी गर्दी लोटते!" घ्या, आता काय बोलायचं या माणसाला!

"मायबापहो," साहेबांचा आवाज बरोबर ठरल्या जागी कापला, "मला सत्तेचा मोह नाही. तुम्हीच सांगा, या पक्षात थांबू की जाऊ?"

आता गोजरबाईने उठून 'जिकडे साहेब, तिकडे आम्ही!' असं ओरडायचं होतं आणि नव्या पक्षाचं उपरणं साहेबांच्या गळ्यात घालायचं होतं. दोनदा तालीम घेतली होती. गोजरबाई उठली. पिशवीतून उपरणं काढत स्टेजवर आली. साहेबांनी लगेच मान लववली, डोळेही मिटले. फोटो झकास यायला हवा होता.

मानेवर काही पडेना. त्यांनी डोळे उघडले. उपरणं गोजरबाईच्याच खांद्यावर होतं. खाली हॉलमध्येही माणसं खिशातून, पिशवीतून तसलीच उपरणी काढून गळ्यात घालत होती.

"अगं गोजरबाई, हे काय?" माईकवर हात ठेवून साहेब खेकसले. "मला घाल ते! उमेदवार मी आहे ना?"

"नाय साहेब. जो माणसं आणील त्याला तिकीट, असं बोलले ते. सकाळीच मला दिलं." गोजरबाईने पदर सारखा केला. "आमी सगले तिकडंच चाललोय. तुमी पण या की. माझ्या सभेत खुर्च्या भरायला कुणीतरी लागंलच ना!"