‘ख’ची शेपटी

“हातमोजे काढा, ताई,” मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला आणि आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी त्याने तिला केस घट्ट बांधायला लावले होते, मग बाह्या कोपरापर्यंत दुमडायला. आता हातमोजे. फिरतं कटर मोज्याचा एवढासा धागा पकडतं आणि मागोमाग अख्खा हात ओढून घेतं, असं तो शांतपणे समजावत होता. बोलत होता ते खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

तिने हातमोजे काढून खिडकीत भिरकावले. या उघड्या हातांनी तिने शहरभरच्या पाट्या कोरल्या होत्या. वडिलांनी धाकट्या भावाच्या हाती करवत दिली होती आणि तिच्या हाती पटाशी. कपाटं-दारं भावाची, अक्षरं बहिणीची. वडील गेल्यावरही ती वाटणी कुणी मोडली नव्हती. आता मात्र उजेडातलं तिचं बाक उचलून रंगाच्या डब्यांमागे टाकलं होतं आणि त्या जागी हा संगणकावर चालणारा, लाकूड कापणारा सीएनसी राउटर येऊन बसला होता, पलंगाएवढा ऐसपैस. तो फक्त कपाटांची दारं कापेल, अक्षरं तुझीच राहतील, असं धाकट्याने शपथेवर सांगितलं होतं.

तिच्या वाट्याला लाल बटण आलं होतं. काही वेडंवाकडं दिसलं की ते दाबायचं, मशीन जागच्या जागी थांबेल. बाकी काही करायचं नाही. जन्मभर अक्षरं कोरल्यावर बढती मिळाली ती ही. आक्काने दातओठ खात बटणावर तळवा ठेवला.

त्या माणसाने फळी शिकंज्यांनी टेबलावर आवळली. कटरच्या वाटेत शिकंजा येत नाही ना, ते वाकून पाहिलं. कटरच्या टोकाखाली कागदाचा कपटा सरकवून उंची जुळवली आणि मग सगळंच चार बोटं वर उचललं. पहिली फेरी नेहमी हवेत, तो म्हणाला. लाकडाला स्पर्श न करता मशीन सगळं काम करून दाखवतं. चूक असली तर हवेत कळलेली बरी, लाकडात कळेपर्यंत उशीर होतो.

मोटर घोंघावू लागली. धाकटा डोळ्यांवर गॉगल चढवून असा उभा राहिला, जणू मशीनला त्यानेच जन्म दिला होता.

कपाटाचं दार म्हणजे सरळ रेघा आणि चार कोपरे. कटर मात्र वळलं. त्याने एक गाठ घेतली, मान तिरपी केली आणि खाली उतरलं. आक्काची नजर त्याच्या टोकावर खिळली. हवेत काहीच उमटत नव्हतं, पण तिला वाचायला उमटण्याची गरज नव्हती. तो ‘श’ होता. गाठ जराशी मोठी, मान किंचित झुकलेली. असा ‘श’ या शहरात एकच हात काढत होता.

मग काना, वर टिंब, मग ‘त’, पुन्हा ‘त’. आता तिला पुढचं सगळं दिसलं. रुग्णालयाच्या दारावरची तिची जुनी पाटी: शांतता राखा. रुग्णालयाची नवी इमारत उभी राहिली होती आणि तिथे मजल्यामजल्यावर तशी पाटी लागणार होती. धाकटा तिला काही न सांगता जुन्या पाटीचा फोटो काढून आला होता. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने जमिनीकडे पाहिलं. मग मोटरच्या आवाजावर ओरडून सांगू लागला, की त्यांना सगळ्या पाट्या हुबेहूब हव्यात आणि लवकर हव्यात, हाताने कोरत बसलं तर वर्ष जाईल. “अक्षरं तुझीच आहेत ना, आक्का,” तो म्हणाला.

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता. तिचा तळवा बटणावरच होता. तरी तिने दाबलं नाही. अक्षरं बिनचूक होती. चूक नसताना काम थांबवणं वडिलांना कधी खपलं नसतं.

‘रा’ झाला. ‘ख’ सुरू झाला. धाकटा खुलला. त्या पाटीवरच्या ‘ख’ची शेपटी सगळ्या शहराला ठाऊक होती. पायातून निघून ती लांबलचक, बारीक होत पाटीच्या कडेपर्यंत जायची. डॉक्टर तिचं कौतुक करत. नवी गिऱ्हाइकं येऊन तशीच शेपटी मागत, आणि आक्का प्रत्येकाला नाही म्हणून वाटेला लावी. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

कटर ‘ख’च्या पायाशी आलं आणि निवांत, जराही न अडखळता शेपटी काढू लागलं.

आक्काने बटणावर मूठ आपटली.

मोटर थांबली. मशीनवाला धावत आला. त्याने शिकंजे तपासले, वायर तपासली, कटर हलवून पाहिलं. कुठेच काही बिघडलं नव्हतं. धाकट्याचा पारा चढला. मशीन डोळ्यांत खुपतंय तर तसं तोंडावर सांग, उगाच खोडे घालू नकोस, असं तो परक्या माणसासमोर बोलून बसला.

“अक्षरं घे,” आक्का म्हणाली. “सगळी घे. शेपटी तेवढी काढून टाक.”

“अगं, त्यांना तीच तर हवीय. तुझ्या हातची सगळ्यात देखणी रेघ आहे ती.”

आक्काने कारखान्याच्या दाराकडे बोट केलं.

“मी तो ‘ख’ कोरत होते आणि तू त्या दारात येऊन ओरडलास, ‘बाबा गेले.’ पटाशी घसरली. त्या ओरखड्याला मी नंतर नुसतं वळण दिलं.”