नळातली हवा

माझ्या नातीने, पूर्वीने, काहीही विचारलं तरी "तुला नाही कळायचं" असं मी तिला कधी म्हणत नाही. त्या दुपारीही सगळं नीट समजावून सांगत होतो.

बोअरच्या पाण्याने आमच्या सोलर हीटरमध्ये क्षार साचले होते. माझा मुलगा परेश गच्चीवर टाकी रिकामी करून धूत होता. आम्ही दोघं खाली बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ उघडून उभे होतो.

"वर पाणी भरायला लागलं की ते पाइपातल्या हवेला ढकलतं," मी म्हणालो. "आधी हवा येते, मग पाणी. हात धरून बघ."

तिने नळाखाली तळवा धरला. थोड्या वेळाने नळ फुसफुसला.

"आली आजोबा! गरम आहे," ती हसली. "आता आत गेली. परत बाहेर आली. ही तर श्वास घेतेय!"

"पाणी ढकलतंय ना तिला."

तेवढ्यात परेशने जिन्यावरून हाक मारली, "बाबा, टाकी धुऊन झाली. पाणी सोडू का आता?"

नळातला श्वास थांबला.

"मग इतका वेळ कोण ढकलत होतं, आजोबा?"

"कुणी नाही. नुसती हवा आहे."

"मग तुम्ही बाहेर का गेलात?"

मी खरंच उंबऱ्याबाहेर उभा होतो. दाराची कडी माझ्या हातात होती. तिला "बाहेर ये" म्हणायचंही मला सुचलं नव्हतं. शरमेने मान वर होईना.

"घाबरू नकोस," आतून नातीचा आवाज आला. "आजोबा येतील परत."

ती माझ्याशी बोलत नव्हती. नळाखाली तिची बोटं कुणाचा तरी हात धरल्यासारखी मिटली होती.